रंगूनचे कागद

सोसायटीचे चेअरमन सुंदरराव यांचा निरोप दुष्काळी कामाच्या खडीवर आला, तेव्हा बायनाबाईच्या हातातला हातोडा दगडावर न बसता बोटावर बसला. नख काळंनिळं झालं, पण ते बघायलाही तिला सुचलं नाही.

निरोप तसा वाईट नव्हता. उलट असा निरोप एकदा तरी यावा म्हणून ती वर्षानुवर्षं देव पाण्यात घालून बसली होती. आता त्या बहात्तरच्या दुष्काळात देव बुडवायला गावात पाणी नव्हतं, ती गोष्ट वेगळी. सोसायटीचा सेक्रेटरी शहादेव सायकल हातात धरून खडीच्या ढिगापाशी उभा राहिला आणि चारचौघांना ऐकू जाईल असा बोलला, "उत्तरेश्वरकाका, माजलगावला कचेरीपुढं दगडी खांब उभा ऱ्हाणार हाय. स्वातंत्र्याला पंचवीस वर्सं झाली म्हणून. तालुक्यात ज्यांनी लढा दिला त्यांची नावं त्यावर कोरायचीत. आपल्या गावातनं तुमचं नाव घालावं असं चेअरमनसायबाच्या मनात हाय. फकस्त पुरावा लागतो. तुमचे ते रंगूनचे कागद घिऊन उद्या सकाळी सोसायटीत या. दुपारच्या यष्टीनं नावं जाणार हायेत."

खडी फोडणारे सगळे हात थांबले. उत्तरेश्वर उठला, धोतराची धूळ झटकली आणि बायकोकडं बघून म्हणाला, "बायना, ऐकलंस का? कागद काढायचा टाइम आला."

"ऐकलं की," ती म्हणाली. बाईच्या तोंडातून एवढंच निघालं, आणि तेवढं निघालं हेच खूप झालं. कारण कागद काढायचे कुठून हे त्या अख्ख्या गावात एकट्या तिलाच ठाऊक होतं, आणि जे ठाऊक होतं ते सांगण्यासारखं नव्हतं.

हे कागदांचं प्रकरण काय, ते आधी सांगायला पाहिजे. उत्तरेश्वर पोरसवदा होता तेव्हा निजामाच्या पलटणीत भरती झाला. पोटासाठी गेला, देशासाठी नाही. उगाच खोटं कशाला बोला. इंग्रजांनी त्या पलटणीला जहाजात घालून मलायात नेलं, तिथं जपान्यांनी धरलं, आणि कैदेत असताना तो आझाद हिंद फौजेत गेला. तिथून पुढं मात्र तो देशासाठीच चालला, ब्रह्मदेशापर्यंत चालला. लढाई संपल्यावर घरी आला तेव्हा त्याच्याजवळ मेणकापडात गुंडाळलेला एक गठ्ठा होता. पातळ पातळ चोपडी, काही हिंदुस्थानीत, काही इंग्रजीत. सिंगापूर, बँकॉक, रंगून, तिकडच्या मुलखांनी आपल्या स्वातंत्र्याला काय काय मदत केली ते त्यात छापलेलं. कुणी तांदूळ दिला, कुणी राहायला जागा दिली, रबराच्या मळ्यात राबणाऱ्या बायांनी अंगावरचं किडूकमिडूक कसं उतरवून दिलं, सगळं होतं. बायनाला वाचता येत नव्हतं. त्यानं वाचून दाखवलं आणि तिनं ऐकलं.

गावानं काय केलं? गाव हसलं. "आपल्या भावकीनं कधी आपल्याला पसाभर दिलं न्हाई आन ह्याला म्हणं रंगूननं तांदूळ दिला," असं म्हणून त्याचं नाव जपान्या पाडलं. बायना झाली जपानीण. पोरगी गीता चौसाळ्याला दिली, तर तिथं सासूनं पहिल्याच दिवाळीला विचारलं, "तुझ्या बापाला जपाननं काय धाडलं ह्या साली?" पोरगी माहेरी येऊन ढसाढसा रडली. आणि हसणारं हे गाव आता काय खात होतं, तर अमेरिकेतून रेशनवर आलेली लाल ज्वारी, मिलो. ती खाताना कुणाला देश आठवत नव्हता.

कुणी फारच टोचलं की उत्तरेश्वर एवढंच म्हणायचा, "कागद हायेत माझ्याजवळ. दावीन एक दिस." त्या एका वाक्यावर तो माणूस ताठ चालायचा. आणि दर वेळी चुलीपुढं बसलेल्या बायनाबाईच्या काळजात धस्स व्हायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची, पण ती मूठ आपल्या नवऱ्याची आहे आणि आत काय आहे ते त्याला ठाऊक नाही, हे तिचं दुखणं होतं.

कारण असं झालं होतं. अठ्ठेचाळीस सालात रझाकारांची धामधूम होती. फौजेतून आलेला माणूस म्हणून उत्तरेश्वरवर निजामाच्या पोलिसांचा डोळा. तो हद्दीपलीकडं नगरच्या बाजूला पळाला, आणि जाताना गठ्ठा तिच्या हातात देऊन म्हणाला, "हे जप. कुणाच्या नजरंला पडता कामा न्हाई, वाळवी लागता कामा न्हाई, घराभाईर जाता कामा न्हाई." सांगून मोकळा झाला. पत्र्याचं दोन खणांचं घर, त्यात झडतीवाले भिंती उकरतात, जमीन खणतात, कणगी उलटी करतात. लपवायचं कुठं?

तेव्हा तिनं तिला जे येत होतं ते केलं. आपल्याकडच्या बायका कागद जपतात कसा? सुटा कागद आज ना उद्या वाळवीच्या पोटात जातो. पण तोच भिजवला, वाटलेल्या मेथ्या घालून उखळात कुटला, घागर पालथी घालून तिच्यावर थापला आणि वाळवला, की त्याचं टोपलं होतं, आणि ते टोपलं सुनेच्या सुनेपर्यंत टिकतं. मेथीच्या कडूपणानं त्याला किडा शिवत नाही. बायनानं रंगूनचे सगळे कागद भिजवले. घरात दुसरे कागद नव्हते असं नाही, पण त्यातला एक कपटासुद्धा तिनं मिसळला नाही. शाईचं काळं पाणीसुद्धा गटारात न टाकता लिंबाच्या बुडाशी घातलं. मग कुटलं, थापलं, वाळवलं. झडती आली आणि गेली, कागद कुणाच्या नजरेला पडले नाहीत, वाळवी लागली नाही, घराबाहेर गेले नाहीत. जे जे त्यानं सांगितलं होतं ते ते तिनं पाळलं होतं.

पोलीस ॲक्शननंतर तो परत आला तेव्हा त्यानं विचारलं, "कागद?" ती म्हणाली, "जपलेत." खोटं होतं का ते? दाखव म्हणाला असता तर तिनं तेव्हाच दाखवलं असतं. तो म्हणाला नाही. ते कागद बघितले की ब्रह्मदेशच्या वाटेवर मेलेले सोबती डोळ्यांपुढं येतात, म्हणायचा. असू दे जिथं हायेत तिथं. पुढं गाव हसायला लागलं, तो कागदांच्या जोरावर मान वर ठेवायला लागला, आणि मग सांगायची वेळ निघून गेली ती गेलीच.

आणि आता शहादेव म्हणत होता, "काका, माजलगावचा सायेब सांगत व्हता, असले कागद आता मुंबईला बी मिळत न्हाईत. इंग्रजांनी दिसतील तिथं जाळले. लई मोलाची चीज हाय तुमच्याकडं."

"तर काय," उत्तरेश्वर म्हणाला. शेजारच्या ढिगावरची भिवराबाई पदर तोंडाला लावून म्हणाली, "जपानीणबाई, आता आमाला वळख द्या म्हंजी झालं." बायना कसंनुसं हसली.

दिवस मावळताना घरी आल्यावर उत्तरेश्वरनं तांब्याभर पाण्यात तोंड धुतलं, खुंटीवरचा धुतलेला सदरा काढून झटकला आणि गादीखाली दाबून ठेवला. मग भिंतीला टेकून बसला आणि गुणगुणायला लागला. फौजेतलं काहीतरी. लग्नाला इतकी वर्षं झाली, बायनानं त्याला गुणगुणताना ऐकलं नव्हतं. ती टोपल्यातलं मिलोचं पीठ काठवटीत घ्यायला लागली.

"कुठं ठिवलेत ग?" त्यानं विचारलं. "वडवणीला, तुझ्या म्हायेरी ना? तसं असंल तर मी आत्ताच निघतो. चालत गेलो तरी फाटंपतूर परत येतो."

आता बोला. इकडं आड तिकडं विहीर म्हणतात, त्या साली दोन्ही कोरडे होते. माहेरी आहेत म्हणावं तर हा माणूस उपाशीपोटी रातोरात कोसन् कोस धावत जाणार आणि भावजयीपुढं तोंडघशी पडणार. चोरीला गेले म्हणावं तर आयुष्यभर चोर हुडकणार. बायनानं क्षणभर डोळे मिटले. मग उठली, टोपल्यातलं पीठ सगळं काठवटीत ओतलं, टोपलं पदरानं आतून-बाहेरून पुसलं आणि त्याच्या मांडीवर आणून ठेवलं.

"हे घ्या."

"हे काय?"

"कागद."

त्याला कळलं नाही. तो हसला. मग तिनं सगळं सांगितलं, मेथ्या आणि उखळ आणि घागर, एका दमात, त्याच्याकडं न बघता. सांगून झाल्यावर बघितलं तर तो टोपल्याच्या काठावरून बोट फिरवत होता, आंधळ्या माणसानं फिरवावं तसं. कुठं अक्षर लागतं का ते बघत होता. करडं, गुळगुळीत, कित्येक वर्षांच्या पिठानं पांढुरकं झालेलं ते टोपलं. एक काना-मात्रा दिसत नव्हती.

"ह्यातनं मी भाकर खाल्ली," तो म्हणाला.

"व्हय."

"येवढी वर्सं."

"व्हय. तुमी म्हणलता जप. मला दुसरं काय येत व्हतं?"

तो ओरडला असता, हातातलं काही फेकून मारलं असतं, तरी तिला सोसलं असतं. तो जेवला नाही. कूस बदलून पडला. सकाळी ती उठली तर अंथरूण रिकामं, गादीखालचा सदरा गेलेला, आणि वहाणा दारातच होत्या.

वहाणा बघितल्या आणि ती तशीच बाहेर पडली. अनवाणी माणूस कुठं जातो? गावाभोवती कोरड्या विहिरींना काय तोटा होता. आधी पांढरीच्या विहिरीवर धावली, मग वाकून मारुतीमागच्या आडात बघितलं. खाली खडक आणि पालापाचोळा. मग तिला सोसायटी आठवली. ती घरी परत आली, टोपलं डोक्यावर घेतलं आणि निघाली. का घेतलं ते तिला त्या वेळी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. रिकाम्या हातानं जायचं नाही, एवढंच तिला कळत होतं.

सोसायटीच्या पत्र्याखाली सकाळीच गर्दी होती. मिलो वाटायचा दिवस होता. बाया-माणसं पिशव्या घेऊन ओळीत उभी, आणि आत टेबलामागं सुंदरराव. सुंदरराव वाईट माणूस नव्हते, पण वर जाब त्यांना द्यायचा होता, आणि पुढच्या महिन्यात सोसायटीची निवडणूक होती. त्यांच्यापुढं उत्तरेश्वर उभा होता, अनवाणी, सदरा घातलेला. बायना दाराशी थबकली.

"म्हंजी कागद हायेत," सुंदरराव म्हणत होते, "पर तुमी दावत न्हाई."

"न्हाई."

"कावून?"

"माझी मर्जी."

"काका, मर्जी घरात. गावातनं एकच नाव जाणार हाय. तुमचं न्हाई गेलं तर आमच्या विठ्ठल चुलत्याचं जाईल. त्यांनी जेल भोगलेला हाय, तसा दाखला हाय. लोक म्हणत्याल सुंदररावनं घरचा माणूस घातला. म्हणून मी तुमाला आदी बोलावलं. कागद टेबलावर ठिवा, मी सही करतो."

"कागद हायेत. दावत न्हाई. काय लिव्हायचं ते लिव्हा."

मागं ओळीत कुणीतरी फिसकन हसलं. "हायेत कुठं? असते तर दावले नसते का? जपान्या पुन्हा थापा मारतोय बे."

उत्तरेश्वरची मान खाली गेली नाही. पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. आणि दारातल्या बाईला तेव्हा कळलं, की हा माणूस रात्रभर कूस बदलून काय ठरवत होता. बायकोनं कागदांचं टोपलं केलं म्हणून गाव तिला हसेल, पिढ्यान् पिढ्या गोष्ट सांगून हसेल, त्यापेक्षा आपणच खोटारडे ठरू, एवढं त्यानं ठरवलं होतं. तिला त्याची माया आली आणि त्याच वेळी संतापही आला. कोण म्हणालं होतं याला एवढा शहाणपणा करायला?

ती तरातरा आत गेली आणि टोपलं टेबलावर ठेवलं. "हे बघा. हेच ते कागद. माझ्या हातानं कुटले. झडतीत सापडू नयेत म्हणून."

असा काही हशा पिकला की पत्रा हादरला. शहादेवसुद्धा तोंड फिरवून हसला. सुंदरराव मात्र हसले नाहीत. त्यांनी टोपलं उचललं, उजेडाकडं धरलं, नखानं काठ खरवडला.

"बायनाबाई, हे मी माजलगावला काय म्हणून धाडू?"

"टोपलं म्हणून धाडा," उत्तरेश्वर म्हणाला. आवाजात धार होती.

सुंदरराव विचार करत होते. मग त्यांचं लक्ष कोपऱ्यातल्या पाण्याच्या बादलीकडं गेलं. टँकरनं आणलेलं, सोसायटीच्या माणसांना प्यायचं पाणी. "एक करता यील," ते म्हणाले. "हातानं कुटलेला कागद. सगळा पीठ झाला नसंल. कुठंतरी आत एखादा तुकडा असंल, त्यावर दोन अक्षरं असतील. बादलीत भिजत घालू. दुपारच्या यष्टीपतूर सुटंल. दोन अक्षरं छापील दिसली, तरी मी सायबाला सांगतो की कागद व्हते. शपथ. हे सगळे साक्षीदार."

ओळ मोडली आणि माणसं टेबलाभोवती आली. आता कुणी हसत नव्हतं. बायनाबाई बादलीपाशी सरकली. अक्षरं असणार. तिला आठवत होतं, घागरीवर थापताना करड्या लगद्यात काळे ठिपके दिसत होते, मुंग्यांसारखे. असणार म्हणजे असणारच.

"घाला," ती म्हणाली. "घाला भिजत." आणि तिनं स्वतःच टोपलं उचलून बादलीवर धरलं.

उत्तरेश्वरनं तिचं मनगट धरलं. "न्हाई."

"सोडा. नाव लागंल तुमचं."

"न्हाई म्हणलं ना."

"अवं, दगडावर कोरणार हायेत. गीताच्या सासूला दावता यील. सोडा हात."

"हे मोडून मला नाव नको." त्यानं तिच्या हातातून टोपलं काढून घेतलं. हळूच, पण काढून घेतलं. मग सुंदररावांकडं वळून म्हणाला, "चेअरमनसाहेब, मी जपायला सांगितलं व्हतं. हिनं जपलं. आता त्याला पाण्यात घालायचं मी सांगणार न्हाई. ईठ्ठलरावाचं नाव घाला. त्यानं जेल भोगलाय, त्याचं बी खोटं न्हाई."

सुंदररावांनी भोवतालच्या माणसांकडं बघितलं. मग त्यांनी शहादेवला मान हलवून खूण केली, आणि शहादेवनं विठ्ठलरावांचं नाव लिहिलं.

उत्तरेश्वर टोपलं डोक्यावर घेऊन बाहेर पडला. आमच्याकडं गडीमाणूस ओझं खांद्यावर घेतो, डोक्यावर टोपलं बाईनं घ्यायचं. ओळीतली माणसं बघत राहिली. त्याला त्याचं काही नव्हतं. बायना मागून निघाली, आणि गाव संपेपर्यंत कशीबशी गप्प राहिली. वेस ओलांडून वाट घराकडं वळली आणि तिच्या तोंडाचा पट्टा सुटला.

"अक्कल गहाण ठिवली का? टोपलं मी दुसरं केलं असतं. धा केली असती. नाव दुसरं कुठनं आणू? जलमभर लोकांचं ऐकून घेतलं ते कशासाठी? येवढं हातातोंडाशी आलेलं, आन ह्यांनी लाथाडलं. टोपल्यापायी. कुणी ऐकलं तर शेण घालंल तोंडात."

तो ऐकत चालला होता. ती बोलता बोलता रडायला लागली, तरी बोलायची थांबली नाही. फर्लांगभर गेल्यावर त्यानं मध्येच विचारलं, "बायना, उखळाचा आवाज भाईर गेला नसंल का ग?"

"कवा?"

"तवा. कुटताना. पोलीस गावातच व्हते की."

तिनं नाक पुसलं. "गेला की. जमादार आपल्याच वट्यावर बसलता. रातचं कुटलं असतं तर संशय आला असता, म्हणून दिसाढवळ्या कुटलं. त्यानं इचारलं, बाई, काय कुटता? म्हणलं, मेथ्या. वातावर."

"मग?"

"मग काय. त्याला बी वात व्हता गुडघ्यात. त्याला मूठभर दिल्या फडक्यात बांधून. दुसऱ्या दिशी आला, म्हणला आराम हाय."

उत्तरेश्वर थांबला. खांदे हलायला लागले. आधी तिला वाटलं रडतोय, मग बघितलं तर हसत होता, पोटातून, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी वाहेपर्यंत. टोपलं डोक्यावरून घसरलं ते तिनं झेललं.

"हे मला येवढ्या वर्सांत कधी सांगितलं न्हाईस," तो म्हणाला.

"तुमी इचारलं कुठं?" बायनाबाई म्हणाली. "आल्या दिवशी म्हणलात, कागद? मी म्हणलं, जपलेत. तू कशी ऱ्हायलीस, झडतीत काय झालं, येकटी काय खात व्हतीस, हे इचारलं का कधी? रंगूनच्या बायांनी काय दिलं ते दहांदा सांगितलं मला."

त्याचं हसू मावळलं. मग त्यानं टोपलं तिच्या हातातून घेऊन पुन्हा डोक्यावर ठेवलं.

"आता इचारतो," तो म्हणाला. "सांग. मी गेलो त्या दिवसापासनं सांग."

तिचा राग गेला नव्हता. नावाचा राग तिच्या मनातून पुढंही कधी गेला नाही; माजलगावला बाजाराला गेली तरी त्या खांबाच्या अंगानं ती जात नसे. पण कुणी विचारलं नव्हतं ते आज विचारलं होतं. खडीवरची हजेरी केव्हाच बुडाली होती. ती त्याच्या बरोबरीनं चालायला लागली आणि सांगायला लागली, आणि घराचं दार आलं तरी तिचं सांगणं पहिल्या रात्रीच्या पुढं गेलं नव्हतं.